दोन्ही प्रश्न विचारा, दोन्ही उत्तरं केसपेपरवर लिहा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका

सप्रेम नमस्कार.

१४ ते २५ या वयातला मुलगा किंवा मुलगी मानसोपचार ओपीडीत पहिल्यांदा येते तेव्हा घरच्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. अंघोळीला दोन तास लागतात, कॉलेज सुटलंय, जेवताना ताट तीनदा धुऊन घेते, स्वतःशी पुटपुटते, कुणी पाहतंय म्हणून खिडकी लावून घेते. बाहेर रांग असते. काही मिनिटांत डॉक्टरांना ठरवावं लागतं की हा ओसीडी आहे (म्हणजे मंत्रचळ: नकोसे विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा केलेल्या कृती) की सायकोसिस (भास, भ्रम, वास्तवाशी तुटलेलं नातं). त्या दिवशी केसपेपरवर जो शब्द पडतो तोच पुढच्या प्रत्येक भेटीत उतरवला जातो आणि औषधही त्यालाच धरून चालू राहतं.

आमचं म्हणणं असं की या वयात, नव्याने सुरू झालेल्या लक्षणांत, हा ‘हे की ते’ असा सवालच चुकीचा आहे. मंत्रचळाची लक्षणं आणि सायकोसिसकडे झुकणारी लक्षणं एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. एकाबद्दल विचारलं आणि दुसऱ्याबद्दल विचारलंच नाही, तर उपचार एकाच बाजूने होतो आणि दुसरी बाजू कधीकधी त्या औषधानेच वाढते. म्हणून पहिल्याच भेटीत दोन्हींचे प्रश्न विचारले जावेत, दोन्हींची उत्तरं लिहिली जावीत आणि त्यासाठी लागणारा वेळ, औषधं आणि माणसं विभागाने द्यावीत, यासाठी हे पत्र आहे.

सायकोसिस बहुतेकांत एका रात्रीत सुरू होत नाही. आधीचे काही महिने, कधी काही वर्षं, झोप बिघडते, मित्र सुटतात, मार्क घसरतात, अर्धवट संशय आणि पुसटसे भास येऊन जातात. हा काळ नेमका कसा ओळखायचा यावर ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅक्गोरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. त्यांचं ‘पेस’ क्लिनिक १९९४ मध्ये सुरू झालं. त्यांनी धोक्याच्या अवस्थेचे तीन प्रकार मांडले आणि ते आजही वापरात आहेत. पहिला, सौम्य स्वरूपातली सायकोसिसची लक्षणं: संशय येतो पण पक्का बसत नाही, आवाज ऐकल्यासारखं वाटतं पण खात्री नसते. दुसरा, पूर्ण तीव्रतेची लक्षणं, पण आठवड्याच्या आत, औषधाशिवाय आपोआप थांबलेली. तिसरा, आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांत सायकोसिसचा आजार आणि सोबत या व्यक्तीच्या रोजच्या कामकाजात मोठी घसरण.

या अवस्थेतले सगळे पुढे आजारी पडत नाहीत, आणि ही गोष्ट घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये काढलेल्या आकड्यांनुसार एका वर्षात सुमारे २२ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ३६ टक्के लोकांना सायकोसिस झाला. २०२१ च्या आढाव्यात तीन वर्षांचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे बहुसंख्य लोकांना तीन वर्षांत सायकोसिस होत नाही. शिवाय हे आकडे खास क्लिनिकमध्ये मदत मागायला आलेल्यांचे आहेत. शाळेतल्या वर्गावर ते लावता येत नाहीत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात ही अवस्था ‘पुढील अभ्यासासाठी’ या भागात ठेवली आहे, मान्य निदान म्हणून नाही. तेव्हा केवळ धोक्याच्या अवस्थेतल्या मुलाच्या कागदावर एफ-२०, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा कोड, घालू नये. तो कोड नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, विम्यात आणि लग्नाच्या बोलणीत वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागतो.

आता मंत्रचळाकडे. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होणाऱ्यांचं प्रमाण जगभरात दोन-तीन टक्के धरतात. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत ते १२ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि पूर्ण ओसीडी नसला तरी काही ना काही मंत्रचळी लक्षणं असणारे तर चौघांत एक किंवा त्याहून जास्त सापडतात. धोक्याच्या अवस्थेतल्या तरुणांचे आकडे अभ्यासागणिक बदलतात, पण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते जास्त आहेत याबद्दल वाद नाही. यावरून ‘ओसीडी आहे म्हणजे पुढे स्किझोफ्रेनिया होणार’ असा निष्कर्ष काढू नका. मंत्रचळ असल्याने सायकोसिसची शक्यता वाढते का, यावर अभ्यासांचं एकमत झालेलं नाही, आणि ओसीडीच्या बहुसंख्य रुग्णांना सायकोसिस कधीच होत नाही. मात्र एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे: धोक्याच्या अवस्थेत मंत्रचळही असलेल्यांमध्ये उदासी आणि आत्महत्येचे विचार जास्त असतात. त्यामुळे पुढे कोणता आजार होणार याचं भाकीत करत बसण्याआधी, आज हे मूल सुरक्षित आहे का, हे विचारायचं. आत्महत्येबद्दल सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवायचा विचार आलाय का? कसं, कधी, हे ठरवलंय का?’ हे तिन्ही प्रश्न, मूल एकटं असताना, शक्यतो दर भेटीत.

खरी अडचण ओळखण्यात आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

मंत्रचळातला विचार नकोसा असतो, आपलाच आहे हे माणसाला कळतं आणि तो त्याच्याशी झगडतो. भ्रमात माणूस त्या विचाराच्या बाजूने उभा असतो. त्याला तो विचार खटकत नाही, त्याला जग खटकतं. पुस्तकातला हा फरक बरोबर आहे, पण आपल्या ओपीडीत येणारे बरेच जण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. दिवसा ‘मला माहितीय हे वेडगळ आहे’ म्हणणारी मुलगी रात्री नळाखाली हात धरून उभी असते तेव्हा जंतू अंगावर चढताना तिला जवळजवळ दिसतात. म्हणून खात्रीचा प्रश्न दोनदा विचारावा: ‘आत्ता इथे बसून हे खरं असण्याची शक्यता शंभरात किती वाटते? आणि काल रात्री हात धुताना किती वाटत होती?’ दोन्ही आकडे लिहावेत. आता २०, रात्री ७० असेल तर बहुधा मंत्रचळच आहे, फक्त तीव्र. आता ९० आणि रात्रीही ९०, शिवाय दुसरं स्पष्टीकरण ऐकूनही घ्यायची तयारी नसेल, तर दोन शक्यता उरतात: अंतर्दृष्टी, म्हणजे ‘हे वेडगळ आहे’ ही जाणीव, पूर्ण हरपलेला ओसीडी किंवा भ्रम. दर महिन्याला पहिला आकडा चढत गेला तर ते धोक्याचं चिन्ह समजा.

दुसरा प्रश्न विचाराच्या मालकीचा. ‘हा विचार तुझाच वाटतो, की कुणी बाहेरून घालतंय असं वाटतं?’ इथे सावधपणे ऐकावं लागतं, कारण आपल्याकडे लोक ‘देवी सुचवते’, ‘मनात कुणीतरी बोलतं’, ‘बाहेरचं आहे’ असं सहज बोलून जातात आणि त्यांच्या मनात त्याचा अर्थ ‘नकोसा विचार आला’ एवढाच असतो. म्हणून पुढे लगेच: ‘तो आवाज कानाने ऐकू येतो का, मी आत्ता बोलतोय तसा? की मनातल्या मनात, स्वतःच्याच आवाजात? खोलीत कुठून येतो ते दाखवता येतं का? शेजारी बसलेल्याला ऐकू येईल का?’ ‘डोक्यात आवाज येतो’ एवढ्या वाक्यावर अँटीसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरचं औषध, सुरू होताना आम्ही वारंवार पाहतो, आणि त्यातले अनेक आवाज हे नकोसे विचार असतात.

तिसरा प्रश्न कृतीच्या कारणाचा. कुलूप पाच वेळा तपासणारा ते का तपासतो? ‘लावलं की नाही याची खात्रीच वाटत नाही’ म्हणाला तर शंका स्वतःच्या आठवणीवर आहे. ‘समोरच्या बिल्डिंगमधले किल्ली बनवून घेतायत’ म्हणाला तर शंका लोकांवर आहे. ताट धुणारी ‘उष्टं लागलं असेल’ म्हणते की ‘वहिनी काहीतरी कालवते’? बाहेरून कृती एकसारखी दिसते, म्हणून फक्त घरच्यांच्या सांगण्यावर निदान करू नये. काहींमध्ये दोन्ही कारणं असतात. किळसेपोटी सुरू झालेलं धुणं सहा महिन्यांनी ‘मुद्दाम विटाळतायत’ वर येतं. हा बदल टिपायचा तर आधीचं कारण लिहिलेलं हवं.

काही गोष्टी नेहमी चुकतात. ‘माझ्या हातून बाळाला इजा होईल’, ‘देवाच्या मूर्तीकडे पाहिलं की घाण विचार येतात’, ‘मी भावाला ढकलून देईन’ असे विचार घाबरत, रडत सांगणारा माणूस बहुधा इजा करणारा नसतो. तो सुरी कपाटात लपवणारा आणि देवळाच्या वाटेने न जाणारा असतो. त्याला घातक ठरवून दाखल केलं तर पुन्हा तो कुणापाशी बोलणार नाही. ‘मला वेड लागणार का?’ हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा विचारणं हेही बहुतेकदा मंत्रचळच असतं. सायकोसिसकडे झुकणाऱ्यालाही बदल जाणवून भीती वाटते, पण तो सहसा दर तासाला खात्री मागत नाही. तिसरी चूक संथपणाची. दात घासायला पाऊण तास लागणारा मुलगा मनातल्या मनात पायऱ्या मोजत असेल, चूक झाली की पहिल्यापासून सुरू करत असेल. त्याला सायकोसिसची ‘निगेटिव्ह लक्षणं’ (इच्छा आणि हालचाल मंदावणं) म्हणण्याआधी एकदा विचारा, ‘थांबतोस तेव्हा मनात काय चालू असतं?’

सोवळं-ओवळं, पारोसं, विटाळ, मासिक पाळीतलं बाजूला बसणं हे ज्या घरात पाळलं जातं, तिथे मोजपट्टी त्या घराचीच वापरावी. आजीलाही हे जास्त वाटतं का? घरातले इतर जेवढं करतात त्याच्या किती पट ही मुलगी करते? नियम पाळून झाल्यावर तिला समाधान मिळतं, की पुन्हा पहिल्यापासून? एवढ्याने बहुतेकदा उलगडा होतो.

मंत्रचळ किती तीव्र ते मोजायला येल-ब्राउन मोजपट्टी आहेच. दहा प्रश्न, शून्य ते ४० गुण. ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, त्यावर अतितीव्र. सराव झालेल्या समाजसेवकाला ती अर्ध्या तासात करता येते. लहान मुलांसाठी तिचीच वेगळी आवृत्ती आहे. गांजा, दारू, झोपेचे तास, फिट्स, ताप आणि घरातला बायपोलरचा (उन्माद आणि उदासी आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा) इतिहास हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं. लक्षणं काही दिवसांत अचानक उसळली असतील, सोबत फिट, गोंधळ किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली असतील, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञ. तिथे मानसोपचाराच्या गोळ्यांनी वेळ घालवू नये.

औषधांबद्दल आमची मतं ठाम आहेत.

धोक्याच्या अवस्थेत, पक्का सायकोसिस नसताना, ‘पुढे होऊ नये म्हणून’ अँटीसायकोटिक देऊ नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: अशा वेळी विचार-वर्तन उपचार द्यावा, जमेल तिथे कुटुंबासोबतचं काम द्यावं, आणि सोबतचा जो आजार सापडेल त्याचा नीट उपचार करावा. मंत्रचळ हा असाच सोबतचा आजार आहे. धोक्याची अवस्था पुढे काय वळण घेते याची वाट पाहत त्याचा उपचार थांबवून ठेवायचा नसतो.

ओसीडीसाठी एसएसआरआय गटातली, म्हणजे सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी, नैराश्यातही वापरली जाणारी औषधं लागतात, आणि नैराश्याला पुरणारा डोस इथे बऱ्याचदा पुरत नाही. फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅमवर सुरू होतं आणि अनेक केसपेपरवर सहा महिने २० वरच राहतं. ‘गुण नाही’ असा शेरा पडतो आणि पुढे रिस्पेरिडोन हे अँटीसायकोटिक जोडलं जातं. प्रौढांत फ्लुओक्सेटिन ४० ते ६०, सर्ट्रालिन १५० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत, हळूहळू वाढवत न्यावं लागतं. अठराच्या आतल्यांत कमी डोसने सुरुवात आणि वाढही सावकाश. सोसेल त्या कमाल डोसवर निदान चार ते सहा आठवडे, एकूण १० ते १२ आठवडे झाल्याशिवाय ‘औषध लागू पडलं नाही’ असं लिहू नये. गुण आल्यावर एक ते दोन वर्षं चालू ठेवावं आणि उतरवतानाही महिन्या-महिन्याच्या पायऱ्यांनी. पंचविशीच्या आतल्यांत पहिले काही आठवडे अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन हवा. झोप न लागताही उत्साह उतू जाऊ लागला तर डोस थांबवून बायपोलरची तपासणी. आणि संशय किंवा भास वाढले तर त्याच आठवड्यात बोलवावं, पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

अँटीसायकोटिक लागतंच अशा दोन जागा आहेत. एक, सायकोसिस पक्का झाला. दोन, पुरेशा डोसच्या दोन एसएसआरआय देऊन, सोबत वर्तन-उपचार करूनही ओसीडी हटत नाही. तिथे रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोलचा छोटा डोस जोडतात. दोन्ही वेळा कारण केसपेपरवर लिहावं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला कळेल की गोळी कशासाठी होती.

इथली जी गोष्ट फार थोड्या घरांना सांगितली जाते ती ही: काही अँटीसायकोटिक औषधं स्वतःच मंत्रचळ निर्माण करतात किंवा आधीचा वाढवतात. यात क्लोझापिन सर्वात पुढे आहे. ते घेणाऱ्यांपैकी सुमारे २० ते २८ टक्के लोकांत, आधी नसलेली मंत्रचळी लक्षणं नव्याने सुरू झाल्याचं आढाव्यांत आलं आहे. ओलान्झापिननेही हे होतं. पेशींवरच्या सिरोटोनिनच्या काही विशिष्ट ग्राहींवर (रिसेप्टरवर) ही औषधं जोरात बसतात, हे त्याचं सर्वात मान्य स्पष्टीकरण आहे. काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत भास कमी होतात, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि मुलगा गॅसची शेगडी तपासायला रात्री तीनदा उठू लागतो. हे ‘आजार वाढला’ म्हणून वाचलं गेलं तर डोस वाढवला जातो आणि तपासणंही वाढतं. म्हणून क्लोझापिन किंवा ओलान्झापिन सुरू करण्याआधी एकदा, मग सुरुवातीचे सहा महिने दर महिन्याला, मंत्रचळाचे दोन प्रश्न विचारावेत: नकोसे विचार पुन्हापुन्हा येतात का, आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते का. लक्षणं दिसली तर पहिलं पाऊल शक्य तितका कमी डोस. दुसरं अ‍ॅरिपिप्राझोल जोडणं. तिसरं एसएसआरआय आणि वर्तन-उपचार. मात्र क्लोझापिनवर स्थिरावलेल्या माणसाचं औषध या कारणाने एकदम बंद करू नये. सायकोसिस उसळून येण्याचा धोका खरा आहे.

औषधं एकमेकांत मिसळताना तीन ठिकाणी घात होतो. फ्लुव्होक्सामिन हे ओसीडीचं चांगलं औषध, पण क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण ते कित्येक पटींनी वाढवतं. झापड, फिट, रक्तदाब कोसळणं, सगळं होऊ शकतं. फ्लुओक्सेटिनने रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल यांचं प्रमाण वाढतं, म्हणून अ‍ॅरिपिप्राझोलचा डोस साधारण निम्मा करावा लागतो. क्लोमिप्रामिन हे ओसीडीचं आणखी एक औषध आणि क्लोझापिन एकत्र देणं म्हणजे फिटचा धोका वाढवणं. तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय आणि ईसीजीशिवाय ते करू नये. शिवाय क्लोझापिनवरच्या माणसाने बिडी-सिगारेट अचानक सोडली तरी रक्तातलं प्रमाण चढतं. व्यसन सोडवणाऱ्या समुपदेशकांनाही हे माहीत हवं.

अ‍ॅरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर मूल येरझाऱ्या घालू लागलं तर आधी विचारा, ‘पाय एका जागी ठेवता येतात का? आतून हलावंसंच वाटतं का?’ ही औषधाने आलेली अस्वस्थता असते. तिला मंत्रचळ किंवा चिंता समजून डोस वाढवणं ही फार त्रासदायक चूक आहे.

वर्तन-उपचाराशिवाय निव्वळ गोळ्यांवर ओसीडी अर्धवट राहतो. भीतीच्या गोष्टीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, ही त्याची पद्धत. १३ ते २० सत्रं लागतात, प्रत्येकी तास ते दीड तास, आणि घरी रोजचा सराव. धोक्याच्या अवस्थेतल्या मुलांसाठी त्यात काही बदल करावे लागतात. पायऱ्या लहान ठेवा. भीतीला शून्य ते शंभर गुण देऊन यादी करा आणि सुरुवात ३० च्या आसपासच्या गोष्टीने. प्रत्येक पायरी आधी सांगून, संमती घेऊन. अचानक हाताला घाण लावणं, न सांगता कुलूप काढून ठेवणं असले प्रकार कधीच नकोत, कारण संशय आधीच जवळ घुटमळत असतो आणि उपचार करणाऱ्यावरचा विश्वास हाच एक आधार असतो. रात्री उशिराची किंवा झोपमोड झालेल्या दिवशीची सत्रं टाळा. ‘कुणीतरी विष घालतंय’ या भ्रमावर ही पद्धत वापरू नये. तिथे पुरावे दोन्ही बाजूंनी तपासण्याचं संवादाचं काम लागतं, आणि तेही वाद न घालता. सत्रांदरम्यान खात्रीचे आकडे चढले तर पुढची पायरी थांबवा, आधीच्या पायरीवर एक आठवडा राहा आणि सायकोसिसची फेरतपासणी करा.

घरच्यांशी बोलताना पाण्यापासून सुरू करावं. एकच मोरी, नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळेला, आणि एक माणूस दोन तास आत. त्यातून ओरडा, दार वाजवणं, मारही होतो. दोन तासांवरून एकदम दहा मिनिटं मागितली तर हरायचंच. दर आठवड्याला पंधरा मिनिटं कमी, वेळ आधी ठरवलेली, घड्याळ दाराबाहेर, आणि वेळ संपली की एकदाच हाक. बादल्या मोजून द्याव्यात: या आठवड्यात चार, पुढच्या आठवड्यात तीन. ‘हात स्वच्छ आहेत ना?’ याला दहा वेळा ‘हो गं’ म्हणणं ही दयाळू चूक आहे, कारण प्रत्येक ‘हो’ने शंकेची भूक वाढते. एकदा उत्तर द्यावं, नंतर शांतपणे ‘हा आजाराचा प्रश्न आहे, आपण ठरवलंय की मी परत उत्तर देणार नाही’ एवढंच. पण हे मुलासोबत बसून आधी ठरलेलं हवं. घरच्यांनी एका सकाळी ठरवून सगळं बंद केलं तर तेच त्याला छळासारखं वाटू शकतं.

देवरुषाकडे जाऊन आलेल्या घराला रागावू नये. ते आधी तिथे गेले कारण तो जवळ होता आणि त्याने वेळ दिला. तिथे साखळीने बांधलं किंवा मारलं असेल तर मात्र स्पष्ट सांगावं की भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आता विभागाकडे थेट मागण्या.

मानसोपचार ओपीडीच्या केसपेपरवर, तिशीच्या आतल्या नव्या रुग्णासाठी, एक छापील चौकट हवी. त्यात नकोसे विचार आणि कृती, खात्रीचे दोन आकडे, आवाज कानाने की मनात, संशय, आत्महत्येचे तीन प्रश्न, नशा, घरातला इतिहास. चौकट भरायला समाजसेवक किंवा परिचारिकेला पंधरा मिनिटं लागतात. डॉक्टरांसमोर जाण्याआधी हे होऊ शकतं. तीच चौकट चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी, निदान दोन वर्षं. मूल तारखेला आलं नाही तर फोन कोण करणार त्याचं नाव तिथेच लिहिलेलं असावं.

औषधांचा पुरवठा तीन महिन्यांचा आणि अखंड हवा. सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन एक महिना मिळालं, पुढच्या महिन्यात ‘स्टॉक नाही’, म्हणून बाराव्या आठवड्यापर्यंत पोचलेला उपचार पुन्हा पहिल्या आठवड्यावर येतो. अँटीसायकोटिकवर ठेवलेल्या प्रत्येक मुलाचं वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी तपासलीच पाहिजे.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली मैत्री क्लिनिकं १० ते १९ वयासाठी आहेत. ही मुलं आधी तिथेच येतात, डोकेदुखी किंवा मार्कांची तक्रार घेऊन. तिथल्या समुपदेशकांना वरचे प्रश्न मराठीत, आणि जिथे लागेल तिथे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोंडीत विचारण्याचा सराव द्यावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन घेणाऱ्यांकडेही तेच प्रश्न असावेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आठवड्यातून एक दुपार तरुणांच्या पहिल्या तपासणीसाठी राखून ठेवावी, आणि ती वेगळ्या दाराने, जुनाट रुग्णांच्या रांगेत उभं न करता. पहिल्या भेटीत त्या रांगेत तासभर बसलेलं मूल दुसऱ्या भेटीला येत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय आहे. कॉलेज, हॉस्टेल किंवा होणारं सासर फोन करून विचारतं तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने काय उत्तर द्यायचं, ते लिहून भिंतीवर लावावं.

शेवटचं मागणं हस्तांतराचं. अठरा पूर्ण झाले की मूल बालविभागातून प्रौढ विभागात जातं आणि बऱ्याचदा मधेच हरवतं. दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी एक भेट एकत्र घ्यावी, आधीच्या सगळ्या चौकटींच्या प्रती नव्या केसपेपरला जोडाव्यात आणि कोणतं औषध किती डोसवर किती आठवडे चाललं, काय वाढलं, काय कमी झालं, हे एका पानावर लिहून एक प्रत रुग्णाच्या हातात द्यावी. याचा मसुदा आम्ही तयार करून देऊ शकतो. विभागाने बैठकीची तारीख कळवावी.

आपले,
किशोर आणि तरुणांच्या मानसिक आरोग्यावर काम करणारे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचार समाजसेवक